पार्ट यायचाय

दाखव बघू तो फोटो. हं... लांबी काय, रुबाब काय. आणि किंमत एवढीच? अरे, एवढ्यात हल्ली धड मोटरसायकल येत नाही. मग घे की. पैसे तुझे, हौस तुझी, अंगण तुझ्या बापाचं. मी कोण नाही म्हणणारा?

चेष्टा नाही करत. उभा जन्म बॅटऱ्या विकण्यात गेला माझा. श्रीमंताघरून निघालेली असली जुनी गाडी मातीमोल भावात घेऊन मिरवत आलेले लोक मी पाहिलेत, आणि तेच लोक पुढे काकुळतीला येऊन, 'काका, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा ना,' म्हणतानाही पाहिलेत. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी आतून पोखरलेली असते. उंदीर वायरी खातात. टायर वरून नवे दिसतात आणि आतून वाळून कडक झालेले असतात. रबर म्हणून जे जे असतं त्याचा हात लावला की भुगा होतो. आणि एक ध्यानात ठेव, गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट जुन्या भावाने मिळत नाहीत. गाडी मिळेल भंगाराच्या भावात, पार्ट मात्र श्रीमंताच्याच भावात घ्यावे लागतील.

पण ते सगळं सोड. त्याला इलाज आहे, पैसा ओतला की झालं. मला सांगायचंय ते निराळं आहे. गाडी इतकी स्वस्त का मिळतेय, हे कुणी विचारत नाही. विचारायला पाहिजे. सरका सगळे इकडे. तो दिवा मालव, डोळ्यांवर येतोय. आणि मध्येच कुणी पाणी प्यायला म्हणून खाली जायचं नाही. मी सोबत येणार नाही, आधीच सांगतो.

माझ्या दुकानासमोर एक गॅरेज होतं. मालकाला सगळे मिस्त्रीच म्हणायचे, त्याच्या बायकोसकट. हातगुण असा की दुसऱ्यांनी हात टेकलेली गाडी त्याने नुसती कान लावून दुरुस्त करावी. वाईट माणूस नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल. आता जे सांगतोय ते त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. रात्री साडेनऊच्या सुमाराला मिस्त्रीने गॅरेजमधून एक लांबलचक काळी गाडी बाहेर काढली आणि शटर ओढून घेतलं. काम साधं होतं. हमरस्त्यावर एका हॉटेलवाल्याने नवं हॉटेल काढलं होतं आणि त्याला दारात उभी करायला जुनी ऐटबाज गाडी हवी होती. ती त्याच्या दारात नेऊन द्यायची, चावी हातात ठेवायची आणि परत यायचं. रात्रीची वेळ अशासाठी, की रस्ता मोकळा मिळतो आणि चौकशी करणारे झोपलेले असतात.

गाडी प्रेसवाल्या साहेबांची. गावात त्यांचा मोठा छापखाना होता. तो बंद पडला, पण बंगला राहिला आणि ही गाडी राहिली. एकुलती एक मुलगी लग्न होऊन घाटापलीकडच्या शहरात गेलेली. घरात दोघंच, साहेब आणि काकू. गाडी घेतली त्या दिवसापासून तिला हात लावायचा तो फक्त मिस्त्रीने. त्याचा तिच्यावर जीव होता. जीव म्हणजे कसा, दुसऱ्याच्या ताटातल्या घासावर असतो तसा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी काकूंना अर्धांगाचा झटका आला. लेक आली आणि आईला आपल्याकडे घेऊन गेली, कारण साहेबांना स्वतःलाच कुणीतरी उठवावं लागे. त्यांच्या खुब्यात सळई घातलेली होती. साध्या गाडीत बसवलं की दहा मिनिटांत कळवळायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. या एका गाडीची मागची सीट अशी होती, रुंद, उंच, मऊ, की तिच्यावर ते तासन्‌तास बसायचे. तेव्हा काकूंना निरोप देताना म्हणाले, गाडीचं किरकोळ काम आहे, ते उरकलं की आलोच मी तुझ्या मागून.

किरकोळ म्हणजे खरंच किरकोळ. ब्रेक थोडे वाजत होते. पण नेमका त्याच आठवड्यात तो हॉटेलवाला मिस्त्रीच्या कानाशी लागला.

मिस्त्रीने ब्रेक केले. मग बॉनेट उघडलं आणि एक रिले उपटून खिशात टाकला. अंगठ्याएवढी काळी डबी असते ती. ती नसली की पेट्रोलचा पंप फिरत नाही, आणि पंप फिरला नाही की एवढी मोठी गाडी म्हणजे नुसता ओटा. मग हात पुसत पुसत साहेबांना सांगितलं, साहेब, हिचा कॉम्प्युटर गेलाय, पार्ट बाहेरच्या देशातून मागवावा लागेल.

त्याचा अंदाज सरळ होता. म्हातारा माणूस, कंटाळेल, विकून टाकेल. हे पाप धंद्यात कधी कुणी केलंच नाही असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक वैतागतं, गाडी विकतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी सुरू होते. पण त्या गिऱ्हाइकाला दुसरी गाडी असते, बस असते, रिक्षा असते. गावात हा एकच माणूस असा होता, की ज्याला दुसरं काही चालतच नव्हतं. मिस्त्रीला हे माहीत होतं. माहीत असून त्याने केलं.

साहेब कंटाळले नाहीत. वाट बघत बसले. रोज संध्याकाळी काठी टेकत बंगल्यामागच्या शेडमध्ये जायचे, गाडीचं मागचं उजवं दार उघडायचे आणि त्या बंद गाडीत बसून राहायचे. लांबचं बसायची सवय मोडायला नको, असं म्हणायचे. मग मिस्त्रीला फोन करायचे, पार्ट आला का. मिस्त्री म्हणायचा, येतोय साहेब, उद्या-परवा. कधी आवाज चढला नाही साहेबांचा. उलट म्हणायचे, तुला तरी किती त्रास देतोय मी. तिकडे काकू पडल्या पडल्या लेकीला विचारायच्या, हे कधी येणार? आणि लेक सांगायची, आई, गाडीचा पार्ट यायचाय.

मिस्त्री मला म्हणाला, दोनदा मी रिले खिशात घालून बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. दोन्ही वेळा परत फिरलो. आता बसवला तर साहेब विचारतील ना, की हा एवढासा होता तर इतके दिवस काय करत होतास. लाज वाटली. बघा म्हणजे, आधी हाव आडवी आली आणि मग लाज आडवी आली.

आणि एका सकाळी दूधवाल्याला साहेब सापडले. गाडीतच. मागच्या सीटवर, उजव्या बाजूला. अंगात इस्त्रीचे कपडे होते.

काकूंना कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का झेपणार नाही. त्यामुळे त्यांना तेच उत्तर मिळत राहिलं. साहेबांचं सगळं उरकल्यावर लेकीने मिस्त्रीला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "दादा, ती गाडी तुम्हीच घेऊन जा. बाबांचा भरवसा फक्त तुमच्यावर होता." मिस्त्रीने तोंडाला येईल ती किंमत सांगितली, तिने मान डोलावली. भंगारवालासुद्धा लाजला असता.

तर अशी ही स्वस्तातली गाडी.

त्या शुक्रवारी दुपारी मिस्त्रीने माझ्याकडून नवी बॅटरी नेली, जुनं पेट्रोल उपसून नवं घातलं आणि रिले परत जागेवर बसवला. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. म्हणाला, ती फुरफुरली असती, अडली असती तर बरं वाटलं असतं. ती मुकाट्याने सुरू झाली.

आता या गाडीची एक खोड सांगतो, ती नीट लक्षात घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला मागे स्प्रिंगा नव्हत्या, हवेच्या रबरी पिशव्या होत्या. मागे कुणी बसलं की ती बाजू दबते, आणि खालचा कॉम्प्रेसर घुं... करून हवा भरतो आणि गाडी पुन्हा समतल करतो. साहेब मागे येऊन बसले की मिस्त्रीला मान वळवून बघावं लागत नसे. गाडी उजवीकडे झुकायची, घुं... व्हायचं, आणि मिस्त्री पुढून विचारायचा, निघायचं का साहेब?

गाव मागे पडलं. तेलाची गिरणी गेली, विटांच्या भट्ट्या गेल्या, दिवे संपले. रस्ता मोकळा होता आणि गाडी लोण्यासारखी चालली होती. हॉटेलवाला काय म्हणेल, किती खूश होईल, याचे मांडे मिस्त्री मनातल्या मनात खात होता. जरा वेळाने शीळसुद्धा घालायला लागला.

गाडी उजवीकडे झुकली.

घुं...

शीळ तोंडातच राहिली. मग मिस्त्रीने स्वतःला समजावलं, जुनं रबर आहे, पिशवीला चीर गेली असणार. असली गाडी म्हटल्यावर हे व्हायचंच. पण डोकं त्याचं मिस्त्रीचं. चीर गेलेली पिशवी हळूहळू बसते. ही एकदम बसली होती. माणूस बसतो तशी.

पुढे पेट्रोल पंप लागला. उजेड बघून त्याच्या जिवात जीव आला. हवा भरायला एक म्हातारा बसलेला होता, त्याला म्हणाला, चारही चाकं बघ. म्हाताऱ्याने पुढची दोन भरली, मग मागे गेला. मिस्त्री दार उघडून उतरणार, तेवढ्यात म्हातारा खिडकीशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मागच्यांना उठवू नका. राहू दे बसलेलं. मी तशीच भरतो."

मिस्त्रीने आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती. त्याला म्हाताऱ्याला विचारायचं होतं, कोण मागचे? पण विचारलं तर तो सांगेल, याचीच भीती वाटली. त्याने पैसे दिले आणि मूग गिळून गाडी काढली.

आता शीळ नाही, काही नाही. काच खाली केली, गार वारा आत घेतला. थोड्या वेळाने गाडीत मंद उजेड पडला. मागच्या सीटवर वाचायचा एक छोटा दिवा असतो ना, छतात... तो लागला होता. उजव्या बाजूचा. मिस्त्री स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, उंदरांनी वायर खाल्लीय. पुढून बटण दाबून त्याने दिवा बंद केला.

दिवा पुन्हा लागला.

पुन्हा बंद केला.

पुन्हा लागला... सावकाश, जसा साहेबांचा हात चालायचा तसा.

त्यानंतर त्याने बटणाला हात लावला नाही. आरसाही वर वळवून ठेवला. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर समोर. तरी मानेवर सारखं काहीतरी जाणवत होतं. राग नव्हता त्यात, मिस्त्री म्हणाला. रागवले असते तर मी भांडलो असतो. मागे कुणीतरी नुसतं वाट बघत बसलंय, असं वाटत होतं.

पुढे फाटा आला. डावीकडे हमरस्ता आणि हॉटेल. उजवीकडे घाट, आणि घाटापलीकडे ते शहर, जिथे काकू होत्या. मिस्त्रीने डावीकडे वळवली.

गाडी बंद पडली.

दिवे गेले नाहीत. नुसतं इंजिन गेलं, एखाद्याने बोलता बोलता थांबावं तसं. चावी फिरवली. स्टार्टर फिरतोय, गाडी घेत नाही. पुन्हा फिरवली. नाही. टाकी भरलेली. बॅटरी नवी, माझ्याकडची. आणि पेट्रोलच्या पंपाचा आवाज येत नाही. सगळी लक्षणं त्याला तोंडपाठ होती, रिले काढल्यावर गाडी नेमकी अशीच वागते. त्यानेच वागवली होती ना तिला.

उतरला. बॉनेट उघडलं. मोबाईलच्या उजेडात बघितलं. रिले जागेवर होता. काढला, फुंकला, परत बसवला. आत येऊन चावी फिरवली.

नाही.

आजूबाजूला काळोख. एक गाडी नाही, एक कुत्रं नाही. मिस्त्री चावीवर हात ठेवून बसून राहिला. आणि इंजिन बंद असताना, मागून...

घुं...

मिस्त्रीच्या तोंडून आपोआप तेच निघालं, जे इतके महिने निघत होतं. "साहेब, पार्ट यायचाय..."

गाडी मागून दबली. आणखी थोडी.

"साहेब, बाहेरच्या देशातून..."

आणखी दबली. सीटच्या पाठीतून त्याला ते कळलं.

मग मिस्त्री रडला. हे त्याने मला सांगितलं तेव्हाही तो रडत होता, म्हणून सांगतो. मागे न बघता, स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हणाला, "पार्ट आलाच नव्हता साहेब. कारण तो गेलाच नव्हता. माझ्या खिशात होता. मला गाडी हवी होती. तुम्ही काकूंकडे जायला थांबलात आणि मी तुम्हाला थांबवून ठेवलं. मी."

काही नाही. त्याचं रडं थांबलं. माणसाने कबूल केलं की काहीतरी होतं असं आपल्याला वाटतं. काहीच झालं नाही...

मग फार वेळाने मागचा छोटा दिवा मालवला. मिस्त्रीने चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

तो डावीकडे गेला नाही. गाडी मागे घेतली, उजवीकडे वळवली आणि घाट चढायला लागला. हॉटेलवाल्याचा फोन वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला. एकेक वळण त्याने असं घेतलं, की मागे बसलेल्याच्या हातातला पेला हलू नये. साहेब असताना तो असाच चालवायचा.

लेकीचं घर त्याला माहीत होतं, काकूंचं सामान तोच पोचवून आला होता. रात्र पार उतरलेली. सगळी गल्ली झोपेत होती आणि त्या एका घरात वरच्या मजल्यावर दिवा होता. मिस्त्रीने फाटकाशी गाडी लावली. हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि त्याच्या पाठीमागे...

मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

मग ते दार आपणहून मिटल्याचा. त्या गाडीची दारं नुसती टेकवली की मोटर ती हळूच आत ओढून घेते. तसा आवाज.

मिस्त्री वळला नाही. पाचावर धारण बसली होती, वळणार कसा? फाटकाची कडी धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि लेक खाली आली. तिने त्याला बघितलं, मग गाडीला बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिने तो का आला, कसा आला, एक शब्दही विचारला नाही. म्हणाली, आईने संध्याकाळपासून डोळे उघडले नव्हते. डॉक्टर सांगून गेलेत, रात्र काढली तर नशीब. आणि आत्ता एकदम तिने डोळे उघडले...

"काय म्हणाल्या?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणाली, खाली मिस्त्री आलाय, एवढ्या लांबून आलाय, त्याला चहा दे. हे म्हणतायत, त्याने वेळेवर आणलं."

वेळेवर आणलं. मिस्त्री म्हणाला, काका, साहेबांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

लेकीने त्या अवस्थेतही खरंच चहा आणून दिला. त्याने कप घेतला. मी तिला आत्ता सांगतो, आत्ता सांगतो, असं तो मनाशी म्हणत होता. तोंड उघडलं. तेवढ्यात ती हात जोडून म्हणाली, "दादा, तुमचे उपकार कसे फेडू? गाडी उभी राहिलेली आईला वरून, खाटेजवळच्या खिडकीतून दिसली. तिला वाटतंय, बाबा आले." आणि मिस्त्रीने चहा पिऊन टाकला.

ती वर गेली. तो गाडीत येऊन बसला. चावीला हात घातला, पण फिरवली नाही. का फिरवली नाही ते त्यालाही सांगता येत नाही. थांबावंसं वाटलं, एवढंच.

उजवी बाजू दबली. घुं...

मिस्त्री थांबला.

मग... डावी बाजू दबली. अगदी हलकी. अंगात काही न उरलेल्या माणसाची.

घुं...

"निघायचं का साहेब?" त्याने विचारलं. आणि त्याने गाडी सुरू केली.

हॉटेलकडे जायचा प्रश्नच नव्हता. घाट उतरला, फाटा मागे टाकला, गाव आलं. गॅरेजही मागे टाकलं. उजाडता उजाडता तो प्रेसवाल्यांच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये पोचला, आणि गाडी तिच्या जुन्या जागी, अगदी होती तशी लावली. तेवढ्यात फोन आला. लेक होती. आई गेली म्हणाली. तुम्ही निघालात ना, त्याच वेळी. आणि पुन्हा आभार मानले.

सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा मिस्त्री समोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाला, त्या गाडीची बॅटरी काढायचीय, चला. मी म्हटलं, तुझी तू काढ की, काल तर नेलीस. तो म्हणाला, मला एकट्याला तिथे जाववत नाही. वाटेत त्याने मला हे सगळं सांगितलं. मला अर्थातच पटलं नाही. म्हटलं, रात्रभर जागलायस, मनाला लागलंय, डोक्याने खेळ केलाय. काकूंच्या लेकीला खरं सांगून टाक, मोकळा होशील. तो म्हणाला, सांगणार आहे. त्याला आज एक वर्ष होत आलं. तिचा अधूनमधून फोन येतो, अजून दादा म्हणते, अजून आभार मानते. त्याने सांगितलेलं नाही.

शेडमध्ये अंधुक उजेड होता. गाडी समोर उभी. पुढून बघितली, काही वेगळं नव्हतं, धुळीने माखलेली होती इतकंच. मी बॉनेटला हात घातला, तर मिस्त्रीने माझा दंड धरला आणि मागच्या काचेकडे बोट केलं. स्वतः मात्र तिकडे बघत नव्हता.

मी काचेला नाक लावलं. मागे कुणी नव्हतं. शपथेवर सांगतो, कुणी नव्हतं.

दोन्ही सीटबेल्ट लावलेले होते. उजव्या बाजूचा आणि डाव्या बाजूचा. रिकाम्या सीटवर बेल्ट लावला तर तो सीटला चिकटून पडतो, तुम्ही घरी जाऊन बघा. हे चिकटलेले नव्हते. सीटपासून चांगले पुढे आलेले होते... गोलाई धरून... ताणलेले. छातीवर असतात तसे. आणि त्यांच्या आत नुसती हवा.

मी बघत राहिलो. आधी वाटलं, माझीच मान हलतेय. मग काचेला हात टेकून मान स्थिर धरली...

दोन्ही बेल्ट हलत होते. सावकाश. एका लयीत. थोडे पुढे... थोडे मागे... थोडे पुढे...